दर माहीत असला की भांडावं लागत नाही

मी सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर काढली. काचेपलीकडचा माणूस ओळखीचा असो की अनोळखी, नोटा त्याच्या डोळ्यांदेखत मोजायच्या आणि त्यानेही तिथेच उभं राहून मोजून घ्यायच्या. यात कोणाचा अपमान होत नाही. न मोजता घरी जाऊन तासाभराने परत यायचं आणि सगळ्या रांगेसमोर 'तुम्ही शंभर कमी दिले' म्हणायचं, अपमान त्यात होतो.

नागपूरहून आमच्या विहारातल्या बायकांचा गट थायलंडला गेला, तेव्हा खर्चाची पिशवी माझ्याकडे होती. हाच नियम मी तिथे लावला. आता ओळखीतली आणखी मंडळी निघाली आहेत आणि भेटली की एकच विचारतात, "ताई, तिकडे सगळ्यांना फसवून राहिले म्हणे?"

फसवणारे आहेत, त्यांच्याबद्दल सांगतेच. पण तिथे आपण कसं वागायचं, हे कोणी विचारत नाही आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. तिथल्या भावाची, रिवाजाची ज्याला काही कल्पना नसते तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघतो. अशी मंडळी मी बघितली. रस्त्यावर आंबा-भात विकणाऱ्या बाईशी दहा बाटसाठी (बाट म्हणजे तिथलं चलन) हुज्जत घालतात, तिच्या ताटलीकडे बोट दाखवून आपसांत हसतात आणि वळणावर इस्त्रीचा शर्ट घातलेला गोडबोल्या माणूस भेटला की त्याच्यामागे निमूट जातात. आपल्याला भाव आणि रिवाज माहीत असले की संशयाची गरजच उरत नाही. मग माणसांशी नीट बोलता येतं.

म्हणून आधी पैसे. विमानतळावर बाहेर आल्या आल्या जे नोटा बदलून देणारे काउंटर दिसतात तिथला भाव चांगला नसतो. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरात, जिथून शहरात जाणारी रेल्वे निघते, तिथल्या काउंटरवर शहरातल्यासारखा भाव मिळतो. आपल्या कार्डाने एटीएममधून काढायला गेलात तर तिथली बँक दर वेळी 220 बाट किंवा त्याहून जास्त कापते, म्हणून थोडे थोडे काढू नका. कार्डाचं मशीन 'बाटमध्ये घेऊ की रुपयात' असं विचारतं, तिथे बाटच दाबायचं. रुपये दाबले की भाव मशीनवाला ठरवतो आणि तो आपल्या फायद्याचा कधीच नसतो. 20 ची नोट हिरवी, 50 ची निळी, 100 ची लाल, 500 ची जांभळी, 1000 ची तपकिरी. लाल आणि जांभळी नोट संध्याकाळच्या उजेडात पटकन ओळखू येत नाही, म्हणून मी दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवत होते. हजाराची नोट रिक्षावाल्यापुढे धरू नका, त्याच्याकडे खरोखरच सुटे नसतात. आधी कोपऱ्यावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोडून घ्या.

या प्रत्येक नोटेवर राजाचं चित्र आहे. वाऱ्याने उडालेली नोट चपलेखाली दाबून धरायची नाही. आपल्या हाताला ती सवय असते, म्हणून निघण्याआधीच मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. तिथल्या लोकांना ते दिसतं आणि लागतं. राजघराण्याबद्दल थट्टा, शेरा, व्हॉट्सॲपवरचे विनोद, यातलं काही नको. फौजदारी संहितेच्या कलम 112 खाली एकेका गुन्ह्याला 3 ते 15 वर्षांची शिक्षा आहे. 2007 साली राजाच्या तसबिरींवर रंग फवारला म्हणून एका स्विस माणसाला 10 वर्षांची शिक्षा झाली होती. पुढे राजाने माफी दिली आणि त्याला देशाबाहेर पाठवलं. या कायद्याबद्दल तिथल्या लोकांचीही मतं आहेत, पण पाहुण्याने चहाच्या टपरीवर उकरून काढायचा हा विषय नाही. ज्याच्याशी आपण बोलू त्याच्यावरच संकट यायचं.

टॅक्सीचं सोपं आहे. विमानतळाच्या तळमजल्यावर मशीनमधून चिठ्ठी निघते, तीवर गाडीचा क्रमांक असतो. ती चिठ्ठी उतरेपर्यंत आपल्याजवळ ठेवायची. मीटर 35 बाटपासून सुरू होतो, मोठी गाडी असेल तर 40 पासून. विमानतळाचे 50 बाट वेगळे आणि टोल आपण द्यायचा. हे आधी माहीत असलं की वरचे पन्नास मागितल्यावर ड्रायव्हर चोर वाटत नाही. शहरात कोणी मीटर टाकायला नकार दिला तर हसून दार लावायचं आणि पुढची गाडी बघायची. तिथे उभं राहून वाद घालण्यात काही मिळत नाही. एकेकटं असाल तर विमानतळावरून रेल्वे बरी, 45 बाटमध्ये फाया थाई स्टेशनला सोडते.

आता तो इस्त्रीचा शर्ट. बँकॉकच्या राजवाड्याच्या लांबलचक पांढऱ्या भिंतीच्या कडेने आम्ही चाललो होतो. समोरून एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. आधी नमस्कार केला, मग 'इंडिया?', मग 'बुद्धिस्ट?' आमच्या गळ्यातली पदकं त्यांनी बघितली होती. राजवाडा दुपारी एकपर्यंत बंद आहे, आत भिक्खूंचा विधी चालू आहे, तोवर दुसऱ्या एका विहारात मोठी मूर्ती बघून या, ही टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, वीस बाटमध्ये सगळीकडे फिरवेल. बोलणं इतकं मऊ होतं की आमच्यातल्या दोघी टुकटुककडे वळल्याही. मी त्या गृहस्थांना हात जोडून म्हटलं की तिकीटखिडकीवर विचारतो आणि पुढे चालू लागले. दरवाजा उघडा होता, माणसांची रीघ लागली होती.

हा खेळ तिथे फार जुना आहे आणि सगळ्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी बाहेरचा माणूस बंद आहे म्हणून सांगतो. टुकटुक एखाद्या खऱ्याच पण लहान विहारात नेते. तिथे दुसरा एक सज्जन 'सहज' भेटतो आणि आज सरकारी रत्नांचा सेल आहे, शेवटचा दिवस आहे असं सांगतो. मग दुकान. तिथला नीलम किंवा माणिक देशात परत गेल्यावर दुप्पट किमतीला विकता येईल असं पटवतात, कार्ड घासलं जातं आणि ड्रायव्हरला दुकानातून पेट्रोलचं कूपन किंवा कमिशन मिळतं. राजवाडा रोज साडेआठ ते साडेतीन उघडा असतो. राजघराण्याचा समारंभ असेल तेवढा अपवाद आणि तो तिकीटखिडकीवरच कळतो. मला त्या माणसाशी भांडावंसं वाटलं नाही. वेळ माहीत होती, विषय संपला.

एक खूणगाठ मी बांधून घेतली आणि सगळ्यांना सांगते. रस्ता विचारायचा असेल तर जो आपल्या कामात आहे त्याला विचारा. फळं कापणारी बाई, शाळेच्या गणवेशातली मुलगी, बसचा कंडक्टर. यांतल्या एकानेही आम्हाला चुकीचा रस्ता दाखवला नाही.

राजवाड्याच्या आवारात पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे. मूर्ती पाचूची म्हणतात पण दगड जेडसारखा आहे, उंची 66 सेंटिमीटरच्या आसपास, आणि ऋतूप्रमाणे वर्षातून तीनदा तिची वस्त्रं बदलतात. बदलतो तो खुद्द राजा. आत फोटो काढायचा नाही. आत जाताना बाहेर चपला, गुडघे-खांदे झाकलेले, बसताना पाय मागे दुमडून, तळवे मूर्तीकडे नकोत. बाहेरच्या ओवरीच्या भिंतींवर रामकियनची 178 चित्रं आहेत, म्हणजे तिथली रामकथा. हनुमान पांढराशुभ्र आणि रावण हिरवा. आमच्या बाजूला एक मोठा भारतीय गट होता. त्यातले काका गाईडला मोठ्याने सांगत होते की हे सगळं आमचंच आहे, तुम्ही चुकीचं काढलंय. ती गाईड पोरगी मान हलवत राहिली. मला फार वाईट वाटलं. या चित्रांत तिथल्या लोकांच्या कित्येक पिढ्यांची मेहनत आहे, कथा त्यांनी त्यांच्या रीतीने जपली आहे. पाहुण्याने भिंतीपुढे उभं राहून मालकी सांगू नये.

परदेशी म्हणून तिकीट 500 बाट आणि थाई लोकांना फुकट, यावरही आपली माणसं तिथे कुरकुरत होती. वेरूळला आपण 40 रुपये देतो आणि परदेशी माणूस 600 देतो. त्यातही थायलंडचा नागरिक आला तर त्याला आपल्याइतकेच 40 रुपये पडतात, कारण शेजारच्या काही देशांना पुरातत्त्व खात्याने ती सवलत दिली आहे. पण म्हणून थायलंडने आपल्याला तशी सवलत द्यायलाच हवी होती, असं तिकीटखिडकीवरच्या मुलीला सुनावण्यात काय अर्थ आहे?

संध्याकाळी आम्ही वाट फोला गेलो. 'वाट' म्हणजे तिथलं बुद्धमंदिर. पहुडलेल्या बुद्धाची ती मूर्ती 46 मीटर लांब आणि 15 मीटर उंच आहे. पायाच्या तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावात 108 मंगलचिन्हं. लोक तिथे मोबाइल उंच धरून चालतात आणि मान वळवतच नाहीत. खरं सुख आम्हाला बाजूच्या मुख्य मंदिरात मिळालं. भिक्खूंचं पठण सुरू झालं आणि 'नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स' कानावर आलं. चाल वेगळी, उच्चार जरा वेगळे, पण शब्द तेच, दर रविवारी आपण म्हणतो ते. आम्ही सगळ्याजणी मागच्या बाजूला बसून हळू आवाजात म्हणू लागलो. शेजारच्या थाई आजींनी आमच्याकडे बघून सतरंजीवर सरकून जागा केली. गुडघ्याने हैराण असलेल्या आमच्या काकूंना पाय दुमडणं शक्य नव्हतं आणि पाय पसरले असते तर तळवे मूर्तीकडे झाले असते, म्हणून त्या खांबाशी उभ्या होत्या. त्याच आजींनी कुणाला तरी खूण करून त्यांना खुर्ची आणून दिली. पठण संपल्यावर काकू त्यांच्या हातात हात घेऊन बराच वेळ मराठीत बोलत होत्या आणि त्या थाईत.

आपण बौद्ध आहोत, म्हणजे तिथे आपल्याला सगळं येतं, असं मात्र समजून जाऊ नका. भिक्खूंच्या बाबतीत तर नाहीच. आमच्याकडे भन्तेजींना दान थेट हातात देतो, बायकाही देतात. तिथे बाईने भिक्खूला स्पर्श करायचा नाही आणि हातातून हातात वस्तूही द्यायची नाही. तो समोर वस्त्र पसरतो, त्यावर ठेवायची, किंवा सोबतच्या पुरुषाने द्यायची. सकाळी भिक्षेच्या फेरीत पात्रात अन्न घालायला बाईला काहीच अडचण नाही, चपला काढून, वाकून, पात्राला हात न लावता घालायचं. मेट्रोत भिक्खूंसाठी जागा राखीव असते, तिथे आणि त्यांच्या लगत बायकांनी बसू नये.

हे मी आधी वाचून सांगितलं तेव्हा आमच्या गटातल्या एका ताईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "स्पर्श नको म्हणणाऱ्यांतून बाहेर पडायला आपल्या माणसांनी काय काय केलं, आणि आता इथं येऊन पुन्हा तेच ऐकायचं का?"

हा प्रश्न मी उडवून लावू शकले नाही आणि लावायचाही नव्हता. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर त्यांचे आईवडील दोघंही होते. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत आम्ही झोपलोच नाही म्हणा ना. मला जे पटतं ते मी सांगितलं. हा नियम भिक्खूने स्वतःवर घातलेला आहे, त्याच्या ब्रह्मचर्याचा आहे. समोर राणी असो की झाडूवाली, तो सगळ्या बायकांना सारखाच लागू होतो. कुणाच्या जन्मावरून तो ठरत नाही. ताईंना ते अर्धंच पटलं. त्या म्हणाल्या की मग पुरुषाला का नाही, आणि बाईला भिक्खुणी का होऊ देत नाहीत. हेही खरंच आहे. थायलंडच्या संघाने 1928 सालच्या आदेशाने बायकांना दीक्षा द्यायला मनाई केली ती अजून उठलेली नाही. पण धम्मनंदा नावाच्या थाई विदुषी 2003 साली श्रीलंकेत जाऊन भिक्खुणी झाल्या आणि बँकॉकजवळ नाखोन पाथोमला त्यांचा विहार आहे. म्हणजे हा झगडा तिथल्या बायका स्वतः लढत आहेत, आपल्यापेक्षा जास्त माहितीने आणि जास्त किंमत मोजून. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी भिक्षापात्रात भात घातला, बरोबर रीतीने घातला, आणि मत मात्र बदललं नाही. मला दोन्ही गोष्टी योग्य वाटतात. आदर करायला सगळं पटलंच पाहिजे असं नाही.

याच नियमांचा दुसरा उपयोगही आहे. भिक्खू भिक्षेला सकाळी निघतात, दुपारी बारानंतर जेवत नाहीत आणि भिक्षा मागत नाहीत, शांत उभे राहतात. तेव्हा दुपारी तीन वाजता चीवर घालून कोणी पर्यटकांच्या हातात मणी देऊन पैसे मागत असेल, तर तो कोण आहे ते आपोआप कळतं. त्याच्या चीवराकडे बघून घाबरायचंही नाही आणि त्याच्यामुळे खऱ्या भिक्खूंबद्दल वाकडं बोलायचंही नाही.

अयुथयाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे मला राग आला होता. बँकॉकहून साधारण 80 किलोमीटर, रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने अगदी थोड्या पैशांत जाता येतं. 1350 च्या सुमारास वसलेली ही जुनी राजधानी 1767 मध्ये बर्मी सैन्याने जाळली. विटांचे काळवंडलेले स्तूप आणि रांगेने बसलेले बुद्ध, बहुतेकांना शिर नाही. काहींची लढाईत गेली, काही पुढे चोरांनी बाजारात विकली. 1991 पासून हा जागतिक वारसा आहे. वाट महाथातमध्ये एका झाडाच्या मुळांनी बुद्धाचं एक शिर वेढून घेतलं आहे. फक्त चेहरा दिसतो, तोही जमिनीपासून थोडाच वर. तिथे फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं त्या चेहऱ्यापेक्षा वर जाता कामा नये. पाटी आहे, राखणदारही आहे. रांगेतली माणसं एकामागून एक मातीत गुडघे टेकत होती, गोरी, काळी, म्हातारी, तरणी. जवळून बघितलं तर मुळांच्या सालीचा आणि दगडाचा रंग इतका सारखा झाला आहे की ओठ कुठे संपतात ते नजरेने शोधावं लागतं.

आणि पन्नास पावलांवर आपल्याच देशातली काही मुलं शिर नसलेल्या मूर्तीमागे उभी राहून, धडावर आपलं डोकं टेकवून फोटो काढत होती. हसत होती. मी गेले आणि हिंदीत सांगितलं की बाळांनो, खाली उतरा, आणि त्या तिकडे बसून फोटो काढणारी माणसं बघा. एक जण म्हणाला, "आंटी, टूटी हुई तो है." पुतळ्याची विटंबना झाली की आपल्याकडे गावंच्या गावं पेटतात. हे ज्या देशात घडतं तिथून आलेल्या मुलांना मूर्ती तुटलेली आहे म्हणून चालतं असं वाटावं? ती उतरली, एकाने तर हातही जोडले. पण पाटी वाचून उतरली असती तर मला जास्त बरं वाटलं असतं. दुकानातून बुद्धमूर्ती विकत घेतानाही लक्षात असू द्या. पुरातन किंवा पूजेच्या मूर्ती ललितकला विभागाच्या परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. गळ्यातलं लहान पदक चालतं. बुद्ध शोभेची वस्तू नाही, अशा अर्थाच्या मोठ्या पाट्या बँकॉकच्या रस्त्यांवरच लागलेल्या आहेत.

परतीच्या गाडीची वाट बघत होतो तेव्हा सहा वाजले आणि स्टेशनच्या कर्ण्यावर राष्ट्रगीत लागलं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा, रोज. बाकावरची माणसं उठली, जाणारी थबकली. आपण फक्त उभं राहायचं.

आवाजाबद्दल मला आपल्या सगळ्यांना कळकळीने सांगायचं आहे. आमच्या हॉटेलात एक भारतीय कुटुंब आलं होतं. चावीसाठी हजार बाट अनामत मागितली म्हणून त्या गृहस्थांनी आवाज चढवला, काउंटरवर थाप मारली. ती मुलगी हसत राहिली आणि तिचा आवाज खाली खाली जात गेला. चिडलेल्या माणसासमोर तिथली माणसं अशीच वागतात. त्या हसण्याचा अर्थ होकार नव्हता, तिने मनातून दार लावून घेतलं होतं. अर्धा तास काम अडलं. शेवटी त्यांच्या बायकोने बुकिंगचा कागद काढला तेव्हा ती अनामत त्यावर छापलेलीच होती. मेट्रोतही तेच. डब्यात शांतता असते आणि आपल्या माणसांचा व्हिडिओ कॉल स्पीकरवर चालू असतो.

पटायाला जाणाऱ्या आपल्या पुरुषांना एक गोष्ट थेट सांगते, मग कोणाला राग येवो. दुकानात काम करणाऱ्या प्रत्येक मुलीला भाव विचारायचा नाही. रस्त्यावर कामासाठी उभ्या असलेल्या बायकांचा व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकायचा नाही. त्या बायका कोणाच्या तरी लेकी आहेत हे तर आहेच, पण तसं नसतं तरी त्या माणसं आहेत. मालिशवाल्या बाईंकडे बघून खिदळणाऱ्यांनी हे ऐकावं, की थाई मालिश ही शिकून येणारी विद्या आहे. वाट फोमध्ये 1955 पासून तिची शाळा आहे आणि 2019 मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशात घेतलं. पटायाच्या किनाऱ्यावर जेटस्की घेणार असाल तर आधी चारी बाजूंनी फोटो काढा, नंतर जुनाच ओरखडा दाखवून पैसे मागतात. पासपोर्ट अनामत म्हणून कोणाकडेही ठेवायचा नाही. अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा नंबर 1155 आहे. ई-सिगारेट घेऊन जाऊ नका, तिथे बंदी आहे.

भावाची घासाघीस जिथे चालते तिथे जरूर करा. चतुचकच्या शनिवार-रविवारच्या बाजारात विक्रेते कॅल्क्युलेटर पुढे करतात, आपण आपला आकडा टाकायचा, ते मान हलवून दुसरा टाकतात. हसत हसत चार फेऱ्या. पण त्यांनी आपला आकडा मान्य केला की मग घ्यायचंच, पाठ फिरवायची नाही. खाण्याच्या गाड्यांवर आणि फुलांच्या बाजारात मी घासाघीस केली नाही. पाक ख्लोंग तलातला फुलांचा बाजार रात्रभर चालतो. तिथे एक बाई कमळाच्या कळ्यांच्या पाकळ्या दुमडत बसली होती. बाहेरची पाकळी अंगठ्याने मोकळी करायची, टोक आत वळवायचं, मग तिच्या आतली, असं करत कळीचा झुबकेदार गोंडा होतो. हिरवट पांढऱ्या कळीतून आतला गुलाबी रंग वर येतो. मी फोन दाखवून भुवया उंचावल्या, तिने मान डोलवली, मग फोटो काढला. पहाटेपर्यंत हेच काम करणाऱ्या बाईकडून पाच बाट कमी करून मी काय कमावणार होते? मी कळ्या घेतल्या, पैसे तिच्यासमोर मोजून दिले. तिने सुटे माझ्यासमोर मोजून दिले आणि एक कळी माझ्या हातात ठेवून पाकळी कशी वळवायची ते दाखवलं.

जाणाऱ्यांनी कपड्यांत प्रत्येकाची एक सुती पँट आणि बाह्यांचा सदरा वेगळा ठेवावा. मंदिरासमोर हत्तींच्या छापाच्या सैल पँट्या मिळतात, पण उगाच खर्च. चपला पटकन काढता येणाऱ्या घ्या. आणि 1 मे 2025 पासून तिथे उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट बनावट किंवा दलालांच्या असतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'डॉट गो डॉट टीएच' असतं, तेवढं तपासा. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, तिकीट काढण्याआधी थायलंडच्या वकिलातीच्या साइटवर बघा. फॉर्म भरताना अडलात तर रविवारी वंदनेनंतर मी विहारात असते. पासपोर्ट आणि हॉटेलचा पत्ता घेऊन या, तिथेच बसून भरू.